सिग्नल पडतोय, पण आरएनए कुठे आहे? चांदीच्या नॅनोक्लस्टर प्रोबचं नेहमीचं दुखणं

लक्षण ओळखीचं वाटतंय का पाहा. पेशीतला मायक्रोआरएनए नावाचा आखूड रेणू शोधायला तुम्ही डीएनएवर बसवलेला चांदीचा नॅनोक्लस्टर प्रोब, म्हणजे लक्ष्याला चिकटून चमकीतून खूण देणारी पट्टी, तयार केलात. यूव्ही दिव्याखाली धरलात तर ट्यूबमधलं पाणी लाल-केशरी पेटल्यासारखं दिसलं. विकत आणलेला कृत्रिम आरएनए थोडा थोडा टाकत गेलात, तशी चमक पायरीपायरीने उतरली. आलेख इतका सरळ आला की फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकावा. मग पेशींमधून काढलेला खरा आरएनए टाकलात आणि चमक धाडकन खाली आली. वा! मग ज्या पेशींत हा रेणू जवळपास नसतोच, त्यांचा नमुना टाकलात. तरीही धाडकन खाली. इथे पोटात गोळा येतो.

पुण्यातल्या आमच्या छोट्या लॅबला हे दुखणं दोन पावसाळे पुरलं. मध्ये मध्ये बरं वाटायचं, मग परत उलटायचं. कारण एक नव्हतं, चार-पाच होती, आणि सगळ्यांचं बाहेरून दिसणारं रूप एकच होतं: सिग्नल पडला. त्यातलं काय काय कसं सापडलं, ते इथे लिहून ठेवतेय.

विझणाऱ्या प्रोबची खोड

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण 22 अक्षरांचा तुकडा. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या गटांनी 1993 मध्ये एका इवल्याशा कृमीत पहिला मायक्रोआरएनए दाखवला आणि 2024 चं वैद्यकाचं नोबेल त्या दोघांना मिळालं. हा रेणू इतका आखूड असतो की नेहमीच्या पीसीआरला प्रायमर (नक्कल सुरू करून देणारे आखूड तुकडे) बसवायलाही जागा पुरत नाही. म्हणून लोक थेट चिकटणारे, चमकणारे प्रोब शोधत असतात.

चांदीचा मार्ग अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या रॉबर्ट डिक्सन यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवला. डीएनएमधल्या सायटोसिनला चांदीचा आयन आवडतो. सायटोसिन भरपूर असलेल्या पट्टीवर चांदीचे आयन बसवायचे, सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करायचं, की मोजक्या अणूंचा पुंजका तयार होतो. हा पुंजका धातूसारखा न वागता रंगासारखा प्रतिदीप्त होतो. पट्टीचा क्रम बदला, रंग बदलतो. सी-सी-टी-सी-सी-टी-टी-सी-सी-टी-सी-सी ही 12 अक्षरी शेपटी लाल देते. कोपनहेगनमध्ये सिओंग वूक यांग आणि टॉम वॉश यांनी 2011 मध्ये हीच लाल शेपटी एका वनस्पती मायक्रोआरएनएच्या पूरक क्रमाला जोडली. लक्ष्य येऊन चिकटलं की लाल चमक उतरते. धुवायचं नाही, रंगद्रव्य जोडायचं नाही, तासाभरात उत्तर. कल्पना देखणी आहे, यात वाद नाही.

पण हा प्रोब विझून उत्तर देतो. आणि चांदीचा पुंजका विझवायला आरएनएच लागतो असं कुठे आहे? क्लोराइड विझवतं, गंधकाचा कुठलाही थायोल गट विझवतो, धातूंना पकडणारं ईडीटीए आयन ओढून घेतं, हवेतला ऑक्सिजन हळूहळू खातो, नमुन्याचा गुलाबी रंग उत्तेजनाचा, म्हणजे पुंजक्याला चमकवण्यासाठी टाकलेला, प्रकाशच गिळतो. पेटणाऱ्या प्रोबमध्ये गडबड झाली तर निकाल येत नाही आणि आपण सावध होतो. विझणाऱ्या प्रोबमध्ये गडबड झाली तर निकाल *येतो*, आणि चांगलाही दिसतो. आमचं एक अख्खं वर्ष याच भ्रमात गेलं.

आधी हिशेब

हे आम्ही फार उशिरा केलं. तुम्ही सगळ्यात आधी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

आमची कृती: 15 मायक्रोमोलर डीएनए, त्याच्या सहापट म्हणजे 90 मायक्रोमोलर सिल्व्हर नायट्रेट, तेवढंच बोरोहायड्राइड. वापरताना हे दहापट पातळ करून 100 मायक्रोलिटरमध्ये मोजायचं. म्हणजे प्रोब 1.5 मायक्रोमोलर, ट्यूबमध्ये एकूण 150 पिकोमोल.

आता नमुना. आम्ही 1 मायक्रोग्रॅम एकूण आरएनए टाकत होतो. पेशीतल्या एकूण आरएनएमध्ये मायक्रोआरएनएचा वाटा ढोबळमानाने दहा हजारांत एक धरतात. म्हणजे 0.1 नॅनोग्रॅम. 22 अक्षरी तुकड्याचं रेणूवजन साधारण 7000, त्यामुळे हे झाले 14 फेम्टोमोल, आणि तेही पेशीतले सगळे मायक्रोआरएनए मिळून! आपल्याला हवा तो एक त्यातला एक भाग.

एका बाजूला 150 पिकोमोल प्रोब, दुसऱ्या बाजूला फार तर 0.014 पिकोमोल लक्ष्य. एक लक्ष्य एका प्रोबला विझवणार. सगळेच्या सगळे चिकटले तरी सिग्नलमध्ये फरक पडेल तो दहा हजारांत एक. आमचा फ्लुरोमीटर, म्हणजे चमक मोजणारं यंत्र, दोन वाचनांमध्येच त्याच्या शंभरपट डुलतो. मग चमक निम्म्याने उतरली ती कोणामुळे? नक्कीच त्या 14 फेम्टोमोलमुळे नाही.

हा हिशेब मी कँटीनमध्ये पेपर नॅपकिनवर केला आणि समोर बसलेल्या ज्युनियरला दाखवला. तो म्हणाला, "ताई, म्हणजे आपण इतके महिने मोजत काय होतो?" चहा गार झाला.

कृत्रिम आरएनए 0.1 ते 1.5 मायक्रोमोलर टाकत होतो, म्हणून तिथला आलेख खरा होता. ती परीक्षा प्रोब चिकटतो की नाही याची होती, आणि त्यात तो पास होता. खऱ्या नमुन्यातली परीक्षा वेगळीच होती, आणि तिचा पेपर आम्ही वाचलाच नव्हता.

रिकामी प्रक्रिया

हिशेबाने संशय आला, पुरावा मिळाला तो रिकाम्या प्रक्रियेने. पेशींच्या जागी नुसतं पाणी घ्यायचं आणि त्यावर आरएनए काढण्याची सगळी कृती जशीच्या तशी करायची: फिनॉल-ग्वानिडीन, क्लोरोफॉर्म, अल्कोहोल, धुणं, शेवटी पाण्यात विरघळवणं. मग त्या "आरएनए"चा नेहमीइतकाच थेंब प्रोबमध्ये टाकायचा.

आमच्या रिकाम्या नळीने सिग्नल निम्म्याच्याही खाली आणला. कर्करोगाच्या पेशींना मिळाला नव्हता इतका "चांगला" निकाल पाण्याला मिळाला.

आता हा नियंत्रण नमुना आम्ही दर वेळी चालवतो. नुसतं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) टाकलेलं नियंत्रण पुरत नाही, कारण अपराधी बफरमध्ये नसून काढण्याच्या प्रक्रियेत आलेला असतो. दुसरी एक युक्ती: टाकलेल्या थेंबाचा आकार तोच ठेवून आतलं आरएनए कमी-जास्त करा. खरं लक्ष्य असेल तर सिग्नल आरएनएच्या प्रमाणाबरोबर हलेल, आणि लक्ष्य प्रोबइतकं झालं की उतरणं थांबेल. मळ असेल तर सिग्नल फक्त थेंबाच्या आकाराबरोबर हलेल. कृत्रिम लक्ष्य वापरताना 1:1 च्या पुढेही चमक उतरतच राहिली तर समजा, लक्ष्याबरोबर आणखी कोणीतरी आत शिरतंय.

थायोसायनेट, आमचा मुख्य चोर

आरएनए काढायच्या बहुतेक कृतींमध्ये ग्वानिडिनियम थायोसायनेट असतं, आणि तेही मोलर प्रमाणात. थायोसायनेटचं चांदीशी जमतं आणि फार घट्ट जमतं. सिल्व्हर थायोसायनेट तर सिल्व्हर क्लोराइडहूनही कमी विरघळतं. समजा मूळ द्रावणात ते 1 मोलर होतं आणि शेवटच्या नमुन्यात दहा हजारांत एक भाग उरला. झालं की 100 मायक्रोमोलर! त्याचा 10 मायक्रोलिटर थेंब 100 मध्ये टाकला तर 10 मायक्रोमोलर. प्रोबमधली चांदी त्या वेळी 9 मायक्रोमोलर. बरोबरीची कुस्ती.

खूण आमच्या डोळ्यांसमोरच होती. शोषणांक मोजणारं यंत्र दर नमुन्याला वेगवेगळ्या तरंगलांबींच्या शोषणाची दोन गुणोत्तरं देतं. 260/280 आम्ही वहीत नेमाने लिहायचो, 2.0 च्या जवळ यायचं, बरं वाटायचं. शेजारचं 260/230 मात्र 0.6, 0.8 असलं काहीतरी यायचं आणि आम्ही ते सोडून द्यायचो, "कमी आरएनए असला की असं येतं" म्हणत. शुद्ध आरएनएला हा आकडा 2 च्या आसपास हवा. 230 नॅनोमीटरला थायोसायनेट आणि फिनॉल दोन्ही शोषतात. पीसीआरवाल्यांचं 0.8 वर चालून जात असेल, चांदीवाल्यांचं चालत नाही.

उपाय सोपा, फक्त कंटाळवाणा. मिळालेला आरएनए परत एकदा तळाशी बसवायचा, सोडियम अ‍ॅसिटेट आणि इथेनॉलने. सोडियम क्लोराइड किंवा लिथियम क्लोराइड नको, कारण मग आगीतून फुफाट्यात. गोळी दिसावी म्हणून थोडं ग्लायकोजेन. मग 80 टक्के इथेनॉलने दोनदा धुवायचं. 70 टक्के घेऊ नका, आखूड आरएनए त्यात निसटायची भीती जास्त. धुताना ट्यूबच्या झाकणाची आतली बाजूही धुवून घ्या, सुरुवातीच्या द्रावणाचे शिंतोडे तिथे बसलेले असतात. शेवटी विरघळवायचं ते पाण्यात. टीई बफरमध्ये नाही, कारण त्यातलं ईडीटीए तुमच्या चांदीवर टपलेलंच असतं.

याच घरातला दुसरा चोर म्हणजे आरएनएझ इनहिबिटर. आरएनए तुटू नये म्हणून आपण भल्या मनाने एक मायक्रोलिटर घालतो. पण हे प्रथिन ज्या बफरमध्ये साठवलेलं येतं त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड आणि डीटीटी असतं, आणि डीटीटी म्हणजे दोन थायोल गट. 8 मिलीमोलर डीटीटी असलेल्या बाटलीतला 1 मायक्रोलिटर 100 मध्ये गेला की 80 मायक्रोमोलर. प्रोब गेलाच समजा. इनहिबिटर घालूच नका. स्वच्छ टिप, स्वच्छ हात आणि बर्फ यांवर भागतं.

आणि कोणी सीरम किंवा प्लाझ्मा थेट टाकायचा विचार करत असेल तर: प्लाझ्मात क्लोराइडच साधारण 100 मिलीमोलर असतं, शिवाय अल्ब्युमिनचा थायोल. त्यात नमुना घेताना लाल पेशी फुटल्या असतील तर प्लाझ्मा गुलाबी होतो. ऑक्सिहिमोग्लोबिन 541 आणि 576 नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, आणि आपण लाल पुंजका उत्तेजित करतो 560 च्या आसपास. प्रोबला काहीच झालेलं नसतानाही चमक उतरलेली दिसेल. अशा नमुन्याचं शोषण आधी मोजा.

क्लोराइड घरातच असतं

थायोसायनेटचा बंदोबस्त झाल्यावर तीन आठवडे सुखाचे गेले. मग एका सोमवारी नवीन बफर केलं आणि प्रोब तयारच होईना. पांढुरकी झाक, चमक फिकट.

सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार 1.8 गुणिले 10 चा उणे 10 वा घात. चांदी 90 मायक्रोमोलर असेल तर कागदावर क्लोराइडची मर्यादा 2 मायक्रोमोलर निघते. प्रत्यक्षात बरीच चांदी डीएनएला धरून बसलेली असते, त्यामुळे थोडी सवलत मिळते. पण थोडीच.

आमचं बफर ट्रिस-अ‍ॅसिटेट. त्यात क्लोराइड यायचं कारणच नाही. ज्युनियरला विचारलं, पीएच कशाने जुळवलास? "अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडनेच, ताई, शपथ!" खरंच होतं. पाणी तपासलं: परीक्षानळीत पाणी, दोन थेंब नायट्रिक अ‍ॅसिड, थोडं सिल्व्हर नायट्रेट, मागे काळा कागद. बारावीच्या प्रॅक्टिकलमधलीच परीक्षा. पाणी स्वच्छ. (इथे स्वच्छ दिसलं म्हणजे निर्दोष सुटला असं नाही, ही परीक्षा इतकी तीक्ष्ण नसते. पण धूसर दिसलं तर मात्र तो नक्की दोषी.) मग बफर तपासलं तर दुधाळ.

मग त्याला म्हटलं, बफर जसं केलंस तसं माझ्यासमोर परत कर. वजन, पाणी, ढवळणी, सगळं बरोबर. मग त्याने पीएच मीटरचा इलेक्ट्रोड बाटलीत सोडला आणि फोन आला म्हणून बाहेर गेला. मी इलेक्ट्रोडकडे बघत बसले. त्याच्या पोटात 3 मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असतं आणि टोकाच्या सच्छिद्र खड्यातून ते थोडं थोडं झिरपणं हे त्याचं कामच आहे, नाहीतर तो मोजणारच नाही. 10 मायक्रोलिटर झिरपलं तरी 100 मिलीलिटर बफरमध्ये 300 मायक्रोमोलर क्लोराइड. शिवाय इलेक्ट्रोड ठेवलेला असतो त्याच द्रावणात, आणि तो नुसता झटकून बुडवला की आणखी एक थेंब बोनस.

तेव्हापासून इलेक्ट्रोड मूळ बाटलीत कधीच जात नाही. थोडं बफर छोट्या बीकरमध्ये काढायचं, मोजायचं, ओतून द्यायचं. बाटलीवर लाल मार्करने "इलेक्ट्रोड बुडवू नये" असं लिहिलंय, आणि नवीन येणारा प्रत्येक जण ते वाचून हसतो.

बाकीची क्लोराइडची ठिकाणं पटापट सांगते. ट्रिस नावाची जी बाटली फडताळात आहे ती बहुधा ट्रिस-हायड्रोक्लोराइड असते. मॅग्नेशियम लागलं तर क्लोराइडऐवजी अ‍ॅसिटेट घ्या. जोडी जमायला मीठ हवं असेल तर सोडियम नायट्रेट. ऑलिगो, म्हणजे प्रोबची आखूड डीएनए पट्टी, विकत आणला की तो टीईमध्ये न विरघळवता पाण्यात विरघळवा.

पावसाळा आणि बोरोहायड्राइड

जून ते सप्टेंबर आमचे प्रोब फिकट निघायचे. हवेतली ओल आणि सोडियम बोरोहायड्राइड यांचं हाडवैर. बाटली उघडली की पावडर ओल धरते, गुठळ्या होतात, आणि तुम्ही 3.8 मिलीग्रॅम मोजता तेव्हा त्यातलं बोरोहायड्राइड किती आणि बोरेट किती हे देव जाणे.

आता मोठी बाटली कोरड्या डब्यात, सिलिका जेल निळं आहे ना हे बघून. दर वेळी एक छोटी ट्यूब काढायची. 3.8 मिलीग्रॅम बर्फासारख्या थंड 10 मिलीलिटर पाण्यात, म्हणजे 10 मिलीमोलर. विरघळवलं की लगेच वापरायचं आणि उरलेलं फेकायचं. सकाळचं द्रावण दुपारी वापरणं म्हणजे शिळ्या सोड्याचे इडली-ढोकळे, फुगत नाहीत. याचं कारण पीएचमध्ये आहे: 25 अंशांना पीएच 10 ला बोरोहायड्राइडचं अर्धआयुष्य साधारण तासाभराचं, पण पीएच 7 ला ते काही सेकंदांवर येतं. म्हणूनच ते बफरमध्ये विरघळवू नका, पाण्यात विरघळवा, आणि प्रोबच्या ट्यूबमध्ये टाकताक्षणी जोरात ढवळा. हळूहळू मिसळलं तर जिथे थेंब पडला तिथेच सगळं क्षपण उरकतं.

ट्यूब पिवळी झाली तर? शोषणाचा आलेख काढा. 400 नॅनोमीटरच्या आसपास रुंद उंचवटा असेल तर पुंजक्यांऐवजी चांदीचे मोठे कण झालेत. बोरोहायड्राइड किंवा चांदी जास्त झाली, किंवा डीएनए तुम्हाला वाटतं त्याहून कमी आहे. ऑलिगोच्या ट्यूबवर छापलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवता 260 ला स्वतः मोजा.

आणि घाई करू नका. क्षपणानंतर लगेच मोजलं तर लाल अजून वर चढत असतं. आमचा प्रोब अंधारात, खोलीच्या तापमानाला तासाभराने स्थिरावतो. पुढे काही तासांत ऑक्सिजन त्याला खायला लागतो, लाल उतरतं आणि हिरवं चढतं. एका नमुन्याचं वाचन सकाळी आणि दुसऱ्याचं जेवणानंतर, असं केलं की दोघांमधला फरक आरएनएचा नसून वरणभाताचा असतो. दर वेळी ठरलेल्या मिनिटाला मोजा, आणि लाल मोजताना हिरवंही मोजून ठेवा. लाल उतरताना हिरवं चढत असेल तर ऑक्सिडेशनवर संशय घ्या. तेव्हा ताज्या बोरोहायड्राइडचा छोटासा थेंब टाकून पाहा. ऑक्सिडेशनने गेलेलं लाल बऱ्याचदा परत येतं, डीटीटीने गेलेलं परत येत नाही.

जिथे शिखर दिसतं तिथे पुंजका असेलच असं नाही

एकदा नुसत्या पाण्यातही 620 नॅनोमीटरला टोकदार शिखर दिसलं आणि लॅबमध्ये हाहाकार झाला. उत्तेजन 310 ला ठेवलं होतं. यंत्रात प्रकाश रंगांत वेगळा करणाऱ्या ग्रेटिंगचा दुसरा क्रम, म्हणजे दुप्पट तरंगलांबीला उमटणारी खोटी प्रतिमा: 310 ची दुप्पट 620. शिखर इतकं बारीक आणि टोकदार असेल तर उत्तेजन 5 नॅनोमीटरने हलवा. शिखर 10 ने हललं तर ते यंत्राचं आहे. पुंजक्याचं शिखर जागा सोडत नाही.

तसंच 260 चं. डीएनएवरचे चांदीचे पुंजके, रंग कोणताही असो, डीएनएच्या शोषणातून म्हणजे 260 च्या आसपास उत्तेजित करता येतात. एका फटक्यात सगळे रंग दिसतात, सोय फार मोठी. पण त्याचा दुसरा क्रम 520 ला पडतो, नेमका हिरव्या पुंजक्यांच्या प्रदेशात. उत्सर्जनाच्या बाजूला योग्य लाँगपास फिल्टर (फक्त लांब तरंगलांबीचा प्रकाश पुढे सोडणारा) लावा. आणि 260 साठी क्वार्ट्झचीच क्युव्हेट घ्या, साध्या प्लॅस्टिकमधून तो प्रकाश जाणारच नाही.

पाणीही गप्प बसत नाही. पाण्याचं रमण विकिरण, म्हणजे पाण्याने रंग बदलून विखुरलेला प्रकाश, उत्तेजनापासून साधारण 3400 तरंगांक (प्रति सेंटिमीटर) दूर पडतं. 510 ला उत्तेजित केलं तर ते 617 च्या आसपास येतं, म्हणजे आमच्या लालवर अगदी डोक्यावर डोकं. 560 ला केलं तर 690 च्या पुढे जातं आणि मार्ग मोकळा. प्रोब पातळ असताना हे फार छळतं. कोऱ्या बफरचा आलेख दर वेळी काढा आणि वजा करा.

क्रमाचंच खोटं असेल तर

आमचं लक्ष्य होतं मायक्रोआरएनए-21. अनेक कर्करोगांमध्ये तो वाढलेला असतो, म्हणून सगळेच त्याच्या मागे. त्याचा पूरक क्रम लिहून बघा, मधला भाग येतो ए-टी-सी-ए-जी-टी-सी-टी-जी-ए-टी. हा तुकडा उलटा करून स्वतःशीच जुळवा: मधला एक टी सोडला तर दोन्हीकडच्या पाच-पाच जोड्या बिनचूक जमतात. म्हणजे दोन प्रोब एकमेकांनाच मिठी मारून बसतात आणि लक्ष्याला आत शिरायला वेळ लागतो.

चांदी घालण्याआधी डीएनए 95 अंशांना पाच मिनिटं तापवून मग थंड करा. आम्हाला लगेच बर्फात टाकणं मानवलं, सावकाश थंड केलं की मिठ्या वाढायच्या. मात्र अशी स्वतःशी जोडी जमणं नेहमीच वाईट असतं असंही नाही. कोपनहेगनच्या गटाने 2012 मध्ये लाल प्रोबच्या रचनेवर काम केलं तेव्हा प्रोबची स्वतःची दुमड चमकीसाठी महत्त्वाची असल्याचं दिसलं. म्हणून क्रम बदलला की चमक आधीसारखीच येईल असं गृहीत धरू नका. एका लक्ष्यासाठी पेटणारी शेपटी दुसऱ्यासाठी ढिम्म राहू शकते. शेपटी या टोकाऐवजी त्या टोकाला लावून पाहणं हा पहिला उपाय.

मायक्रोआरएनएंच्या लेट-7 कुटुंबावर काम करणाऱ्यांना एक इशारा: लेट-7ए आणि लेट-7सी यांच्यात एकाच अक्षराचा फरक आहे. खोलीच्या तापमानाला 22 अक्षरी प्रोब दोघांनाही आनंदाने चिकटतो. ही भावंडं वेगळी करायची असतील तर प्रोब आखूड करा किंवा तापमान वाढवून मोजा, आणि एका अक्षराचा फरक असलेलं कृत्रिम लक्ष्य नियंत्रणात ठेवा. पूर्ण विस्कटलेला क्रम नियंत्रण म्हणून ठेवणं फारच सोपी परीक्षा.

आता आम्ही काय करतो

विझणारा प्रोब आम्ही सोडून दिला नाही. पण त्याला खऱ्या नमुन्यावर एकट्याने पाठवणं बंद केलं. ते 14 फेम्टोमोल त्याला दिसणारच नाहीत, हे नॅपकिनवर लिहिलेलं आहे.

दोन वाटा आहेत. एक म्हणजे पेटणारी रचना. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतल्या गटाने 2010 मध्ये दाखवलं की मंद पुंजका असलेली पट्टी ग्वानिन भरपूर असलेल्या पट्टीजवळ आली की चमक शेकडो पटींनी वाढते. त्यांनी आकडा 500 पट दिला होता. लक्ष्याने या दोन पट्ट्यांना शेजारी आणलं की पेटतं. यात मळ आला तर सिग्नल येत नाही, खोटा निकाल तरी येत नाही. रात्री झोप लागते.

दुसरी वाट म्हणजे आधी लक्ष्य वाढवणं. आम्ही रोलिंग सर्कल पद्धत घेतली: मायक्रोआरएनएवरून एक गोल डीएनए बंद करायचा, फाय-29 पॉलिमरेझ या डीएनएची नक्कल काढणाऱ्या विकराने त्याची लांबच लांब नक्कल काढायची, आणि त्या नक्कलेतच सायटोसिनवाली शेपटी हजारदा येईल अशी योजना करायची. मग चांदी त्या नक्कलेवर बसते आणि सिग्नल चढतो. एकच गोम: फाय-29 च्या बफरमध्ये ट्रिस-हायड्रोक्लोराइड, मॅग्नेशियम क्लोराइड आणि डीटीटी, म्हणजे वर ज्यांना शिव्या घातल्या ती मंडळी एकाच नळीत बसलेली. त्यामुळे वाढवणं आधी, चांदी नंतर, आणि मध्ये क्षार काढणारी छोटी स्पिन गाळणी, ट्रिस-अ‍ॅसिटेटने आधी तीनदा धुतलेली. एकदा गाळून डीटीटी पुरतं जात नाही, दोनदा गाळतो.

गाळणीचा नवीन बॉक्स उघडला की पहिली गाळणी नमुन्याला मिळत नाही. तिच्यातून नुसतं फाय-29 चं बफर गाळायचं, त्याचा 10 मायक्रोलिटर थेंब जुन्या, विझणाऱ्या लाल प्रोबवर टाकायचा आणि घड्याळ लावायचं. अर्ध्या तासात लाल जागचं हललं नाही, तरच त्या बॉक्समधल्या बाकीच्या गाळण्या वापरायच्या.